पाणलोट

कुरियातच्या वर, जिथं डांबर संपतं,
तिथून तलाव दिसतो, एकदम,
डोंगरात कुणी निळी परात विसरून गेल्यासारखा.
शुक्रवार-शनिवार मस्कतहून गाड्या येतात,
कोळसा, मटण, पोरं, फोटो.
रविवारी मी. बारा बाटल्या, बर्फाची पेटी,
आणि दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी.
पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची.
गेल्या वर्षी चार मीटर.
यंदा अडीच.

दीड मीटर उजेड कुठं गेला
हे विचारायला कुणी फोन करत नाही.

खलफान बिन हमूद, खालच्या गावच्या फलजचा आरीफ.
आमच्याकडं त्याला पाटकरी म्हटलं असतं.
माझे वडील तेच. खांद्यावर फावडं,
रात्री-बेरात्री कुणाची पाळी ते तोंडपाठ.
ह्याच्याकडं काठी आहे.
दिवसा तिची सावली मोजतो, रात्री तारे.
झुवैना बिंत राशिदला बापाकडून आलेलं
अर्ध्या तासाचं पाणी
अजून एका ताऱ्याच्या नावावर आहे:
तो कड्याला टेकला की तिचं दार उघडायचं.
मी म्हटलं, आणि ढग आले तर?
म्हणाला, ढग आले तर भांडायचं कशाला.

फाईल मार्चमध्ये आली.
वरच्या वादीत खडी-क्रशर. तलावापासून एकोणीस किलोमीटर.
'पाण्याशी संबंध नाही' हा शेरा आधीच टाइप केलेला,
खाली माझ्या सहीपुरती जागा.
कुठंतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं.

खलफान म्हणाला, चल.
दाद करीमनं गाडी जाईल तिथवर नेली, मग पायी.
दगड. एक बोरीचं झाड. शेळ्यांच्या लेंड्या.
डोक्याच्याही वर, बाभळीत अडकलेलं
गाढवाचं खोगीर,
कुठल्या पुराचं, देव जाणे.
थेंब नाही.
इथं तर काहीच नाही, मी म्हटलं.

तो खाली बसला. गोटे बाजूला सारले,
कोपरापर्यंत हात घातला
आणि माझ्या तळव्यावर मूठ उलटी केली:
ओली वाळू. गार.
वर एप्रिलचं ऊन, आणि हातात
कधीतरी पडून गेलेला पाऊस.
'तलाव हा,' तो म्हणाला.
'खाली आहे ते त्याचं तोंड.'

संशय आला की आपण म्हणतो, पाणी मुरतंय.
त्या शब्दाची मी तिथंच माफी मागितली.
मुरायला वेळ लागतो,
लोणच्याला, माणसाला,
परमुलखात आलेल्या बाईला.

तुमच्यात काय म्हणतात ह्या जागेला?
पाणलोट.
त्याच्या जिभेला प नाही, ट नाही.
'बानलोत,' तो म्हणाला, दोनदा,
खजुराची बी तोंडात घोळवल्यासारखं.

सुनावणीला सगळ्यांपुढं पाण्याची छोटी बाटली.
नकाशावर वरची वादी पांढरी सोडलेली.
खलफाननं फडक्यात बांधून वाळू आणली होती,
टेबलावर गाठ सोडली तेव्हा
ती कोरडी ठणठणीत.
कुणीतरी हसलं.
तो माझ्याकडं बोट करून म्हणाला,
हिला विचारा, ह्याला नाव आहे.

कारकुनानं विचारलं, कसं लिहायचं?
मी ब-नं लिही म्हटलं.

अरबीत नकार आधी येतो, दोन अक्षरांचा.
मी शेऱ्यातला तेवढाच खोडला
आणि सही केली.

निर्णय पुढच्या तारखेला.
त्याच्याही पुढच्या.
क्रशरचा इंजिनिअर आता मला पाण्यात पाहतो.
बघू दे. तबकडीही मी तिथंच पाहते.
ह्या रविवारी दोन मीटर चाळीस.